घोडा उसना, गाणे कोणाचे?

कॅनडाच्या ऑनलाइन प्रसारणाच्या कायद्यावर 27 एप्रिल 2023 रोजी शिक्कामोर्तब झाले आणि गाणी ऐकवणाऱ्या परदेशी ॲप-कंपन्यांवरही देशी आशय पुढे आणण्याची जबाबदारी आली. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये तिथल्या प्रसारण नियामकाने मोठ्या कंपन्यांना त्यांच्या कॅनडातल्या उत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा देशी निर्मितीसाठी द्यायला सांगितले, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि जुनाच प्रश्न नवे कपडे घालून पुन्हा उभा राहिला : पुढे आणायचे ते ‘आपले’ गाणे म्हणजे नक्की कोणते? फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात या प्रश्नाला धार अधिक आहे, कारण उत्तर अमेरिकेत फ्रेंच बोलणारे जेमतेम दोन टक्के आहेत आणि भोवतालचा सारा समुद्र इंग्रजीचा आहे. तिथे एक पक्ष म्हणतो की मातीतून उगवलेले तेवढेच आपले, बाकी सारी अमेरिकेची नक्कल. दुसरा पक्ष म्हणतो की लोक ऐकतात ते आपले, बाकी सारा शहाण्यांचा दंभ. या वादात हमखास भरडला जातो तो तिथला कंट्री-वेस्टर्न गायक : डोक्याला काउबॉयची टोपी, गळ्यात गिटार आणि तोंडी फ्रेंच.

मला हे दोन्ही पक्ष चुकीच्या जागी खणताना दिसतात. गाणे कुठून आले यावरून ते कोणाचे हे ठरत नाही आणि किती जणांना आवडते यावरूनही ठरत नाही. बाहेरून आलेल्या वस्तूवर इथे कोणते काम झाले, ती कोणाच्या तोंडी बसली आणि ती नसती तर त्या माणसांच्या तोंडी दुसरे काय आले असते, हे पाहिल्याखेरीज निकाल देण्यात अर्थ नाही. या कसोटीवर विली लामोत या गायकाची कारकीर्द घासून पाहिली, तर क्वेबेकच्या शिष्ट समाजाने ज्याला पन्नास वर्षे नाके मुरडली, तो माणूस फ्रेंच भाषेचे मोठे काम करून गेला असे मला वाटते. हे म्हणताना त्याच्या विरोधातले मुद्दे पोकळ आहेत असे मी म्हणत नाही. त्यांतले काही चांगलेच वजनदार आहेत.

आधी सरकारी कसोटीचा मासला पाहू, कारण ‘मूळ शोधा’ हा मार्ग कुठे नेतो ते तिच्यात दिसते. 1971 पासून कॅनडातल्या रेडिओवर देशी गाण्यांचे किमान प्रमाण बंधनकारक आहे, आणि गाणे देशी आहे की नाही हे ठरवण्यासाठी चार खण असतात : संगीत, गायक, ध्वनिमुद्रणाची जागा आणि शब्द. चारांपैकी दोन खण कॅनडाचे भरले की गाणे साधारणपणे कॅनेडियन ठरते. इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी अशी केली आहे की उच्चार ‘मेपल’ व्हावा, म्हणजे कॅनडाच्या ध्वजावर ज्याचे पान आहे ते झाड. 1991 मध्ये ब्रायन ॲडम्स या कॅनडाच्याच जगप्रसिद्ध गायकाचा अल्बम या चाळणीतून खाली पडला, कारण गाणी लिहिताना सहकारी परदेशी होता आणि ध्वनिमुद्रणही बाहेरचे होते. उलट अमेरिकन चालीवर एखाद्या क्वेबेकच्या गायकाने स्वतः फ्रेंच शब्द बसवून गायले, तर गायक आणि शब्द हे दोन खण भरले, म्हणजे काम झाले. शिवाय फ्रेंच रेडिओ केंद्रांना लोकप्रिय गाण्यांपैकी 65 टक्के गाणी फ्रेंचमध्ये वाजवावी लागतात. त्याही हिशेबात ते बसते. शुद्धतावाद्यांना हा नियमाचा विनोद वाटतो. मला वाटते, नियम करणाऱ्या कारकुनाला नकळत एक शहाणपण सुचले होते : चाल परकी असली तरी शब्द आणि कंठ घरचा असेल, तर घराचा हक्क पोचतो.

लामोतचा जन्म 27 जानेवारी 1920 चा, सँ-ह्यूग या गावचा, आणि आयुष्य गेले ते जवळच्या सँतियासँत शहराच्या परिसरात. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. 1946 मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या. त्यातल्या एका गाण्याच्या नावाचा अर्थ ‘मी घोड्यावरून गातो’ असा आणि दुसऱ्याचा ‘मी आहे कॅनेडियन काउबॉय’ असा. पहिले गाणे एवढे गाजले की तीच त्याची ओळख होऊन बसली. तो एकटा नव्हता. 1942 मध्ये युद्धावर जाणाऱ्या सैनिकाच्या निरोपाचे गाणे म्हणून रोलाँ लब्रँ नावाजला होता आणि ‘सैनिक लब्रँ’ म्हणूनच लोक त्याला ओळखत. ग्रॅन्बीचा पोल ब्रुनेल आणि ड्रमंडव्हिलचा मार्सेल मार्तेल हे लामोतचे समकालीन. पण विनोद, थट्टामस्करी आणि रंगमंचावर बेधडक वावर यांत लामोतचा हात धरणारा कोणी नव्हता. पॅरिशच्या सभागृहांत, जत्रांत, लहान गावांच्या क्लबांत तो वर्षानुवर्षे गात फिरला. 1970 ते 1976 या काळात मॉन्ट्रियलच्या तेले-मेत्रोपोल या खासगी वाहिनीवर ‘विलीचे रँच’ म्हणून त्याचा कार्यक्रम चालला; सोबतीला शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला अकेडियन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंचभाषक समाजातला, गिटारवादक बॉबी हाशे. 1973 मध्ये जिल कार्ल या दिग्दर्शकाच्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पक्षाघाताने त्याचे गाणे थांबवले, आणि 19 ऑक्टोबर 1992 रोजी तो गेला.

आता आक्षेप. पहिला आणि डोळ्यांत भरणारा आक्षेप वेषाचा आहे. क्वेबेकमध्ये ना तशी कुरणे, ना गुरांचे हजारोंचे कळप. तिथला कष्टकरी हिवाळ्यात जंगलात लाकूडतोडीला जायचा आणि उन्हाळ्यात नदीकाठच्या शेताच्या लांबट पट्टीवर राबायचा. मग ही टोपी, ही झालरीची जाकिटे, हा घोडा आला कुठून? हॉलिवूडमधून, हे उघड आहे आणि ते मान्य करावे. दुसरा आक्षेप पैशाचा : ज्या कंपनीने या तबकड्या काढल्या तिची मालकी अमेरिकेची होती. तिसरा आक्षेप आशयाचा : विरह, आई, वाट, चंद्र, आणि पुन्हा विरह, ज्या काळात क्वेबेक स्वतःच्या हक्कांची भाषा शिकत होते त्या काळात या गाण्यांनी त्या जागृतीत काय भर घातली? चौथा आक्षेप भाषेच्या भवितव्याचा आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो : दोन टक्क्यांच्या समाजाने मोठ्याच्या साच्यात आपली भाषा ओतायची सवय लावून घेतली, तर एक दिवस साचाच उरेल आणि भाषा गळून जाईल.

वेषाचा आक्षेप दिसायला सर्वांत मोठा असला तरी तो सर्वांत कच्चा आहे, कारण तो खुद्द अमेरिकेलाही लागू पडतो. कंट्री संगीताचा आद्य तारा जिमी रॉजर्स हा मिसिसिपीचा रेल्वे कामगार. हँक विल्यम्स अलाबामाचा, त्याचे वडील लाकूड-कंपनीच्या रेल्वेवर इंजिन चालवायचे. घोडा आणि कुरण यांच्याशी त्या घराचा संबंध ग्रॅन्बीच्या ब्रुनेलइतकाच होता. टोपी दोघांनीही सिनेमातूनच उचलली. संगीताचे म्हणाल, तर बँजोचे मूळ आफ्रिकेत, आडवी घेऊन सरकवत वाजवायची स्टील गिटार हवाईची, फिडलच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडच्या आणि गळा फोडून काढायचा योडल आल्प्सचा. ज्या गाठोड्यात इतक्या मुलखांचा माल आहे, त्यातून क्वेबेकच्या माणसाने दोन वस्तू घेतल्या तर चोरीची फिर्याद नेमकी कोण करणार? आणि क्वेबेकच्या ‘मातीतले’ म्हणून ज्या ‘रील’ नावाच्या नाचाच्या चालींवर आज पाय धरतात, त्याही आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांकडून आलेल्या. उसनवारी जुनी झाली की तिला परंपरा म्हणतात. लामोतचा दोष एवढाच की त्याची उसनवारी ताजी होती.

दुसरे असे की कंट्री संगीत सीमेपलीकडून आयते येऊन पडले, हे चित्रही अपुरे आहे. नोव्हा स्कोशियाच्या विल्फ कार्टरचे पहिले ध्वनिमुद्रण 1933 मध्ये आणि हँक स्नोचे 1936 मध्ये मॉन्ट्रियललाच झाले. म्हणजे लामोतच्या तबकडीच्या दशकभर आधी हे संगीत त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तयार होत होते. शिवाय ‘अमेरिका’ हा शब्द क्वेबेकच्या गावातल्या माणसाला परका नव्हता. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला गेले. असे घर विरळा, ज्याचा कोणी मामा किंवा आत्या तिथल्या लोवेलला किंवा मँचेस्टरला नव्हती. लेखक जॅक केरुॲक हा त्याच लोवेलमधल्या अशा एका घरातला मुलगा, आणि शाळेत जाईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हते. रात्री रेडिओवर दूरच्या अमेरिकन केंद्रावरून येणारी गिटार ऐकणाऱ्या या माणसांना ती ‘साम्राज्याची चढाई’ वाटली नसेल. गिरणीत गेलेल्या भावाच्या गावची हवा वाटली असेल. त्या गाण्याच्या नावातला ‘कॅनेडियन’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. त्या पिढीच्या फ्रेंच बोलीत ‘कानाद्यँ’ म्हणजे आपण, फ्रेंच बोलणारे. इंग्रजीवाले ते ‘इंग्रज’. 1909 च्या मॉन्ट्रियलच्या हॉकी संघाचे नाव याच अर्थाने पडले. ‘कॅनेडियन काउबॉय’ म्हणजे ‘आमच्यातला काउबॉय’. नक्कल करणारा स्वतःचे नाव-गाव असे आधीच सांगत सुटत नाही.

पण या वादाचे खरे बिंग फुटते ते कंट्रीशेजारी शान्सन, म्हणजे कवितेच्या अंगाने जाणारे फ्रेंच गाणे, ठेवल्यावर. क्वेबेकचा राष्ट्रीय गाण्याचा मान गेला तो फेलिक्स लक्लेर, जिल विन्यो यांच्यासारख्या कवी-गायकांकडे, आणि तो त्यांच्या गुणांमुळे गेला. त्यात मला काडीची शंका नाही. विन्योने हिवाळ्यालाच देश म्हटले, तशी ओळ कंट्रीवाल्यांपैकी कोणी लिहिलेली नाही. मात्र स्टुलावर एक पाय ठेवून, हातात गिटार घेऊन, छोट्या अंधाऱ्या खोलीत कविता गाण्याची ही पद्धत तरी कुठली? पॅरिसच्या कॅबरेंची. लक्लेरलाच घरी मोठेपण मिळाले ते 1950 मध्ये पॅरिसने टाळ्या वाजवल्यानंतर, आणि त्याच्या गाजलेल्या तबकड्या काढल्या त्या पॅरिसच्या कंपनीने. म्हणजे एकाने साचा पॅरिसकडून घेतला, दुसऱ्याने अमेरिकन कंट्रीचे माहेर असलेल्या नॅशव्हिलकडून. एकाचे पैसे फ्रान्सला गेले, दुसऱ्याचे अमेरिकेला. पहिल्याला राष्ट्राचा आवाज म्हणायचे आणि दुसऱ्याला परक्याचा भाट, हा न्याय संगीताच्या कोणत्या नियमात बसतो? तो बसतो समाजाच्या उतरंडीत. शान्सन ऐकणारा विद्यापीठात गेलेला होता आणि विलीला ऐकणारा कारखान्यात. पैसा बाहेर जातो हा आक्षेप खरा आहे; पण तो कराराचा आणि मालकीचा आक्षेप आहे, गाण्याच्या घाटाचा नव्हे, आणि त्यावरचा उपायही करारातच शोधावा लागतो.

या उतरंडीला क्वेबेकमध्ये एक खास शब्द आहे : ‘केतेन’. भडक, गावंढळ, अभिरुचीहीन असे सगळे त्यात येते. आपल्याकडे मुंबईच्या एफएम केंद्रांवर मराठी गाणी का वाजत नाहीत या वादात ‘डाउनमार्केट’ हा शब्द जे काम करत आला आहे, साधारण तेच काम. गंमत अशी की या शब्दाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती सँतियासँतमधल्या एका गरीब कुटुंबाच्या आडनावापाशी पोचते असे सांगतात. म्हणजे शिवी आणि शिवीचा सर्वांत मोठा धनी एकाच गावचे. व्युत्पत्ती खरी असो वा खोटी, ती सांगितली जाते यातच गावाकडे आणि गरिबीकडे पाहण्याची नजर कळते. हे लामोतच्या वाट्याला पहिल्यांदा आले असेही नाही. 1929 पासून तबकड्यांवर गाजलेली मारी ट्रॅव्हर्स, म्हणजे लोकांची ‘ला बोल्ड्यूक’, तिच्या हयातीत शिष्टांना असह्य होती : भाषा रांगडी, विषय स्वयंपाकघरातले आणि बेकारीचे, मध्येच तोंडाने काढलेले ते तुरलुतुतू. आयरिश बापाची ही मुलगी 1941 मध्ये वारली, आणि 1994 मध्ये तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. मधल्या काळात गाणी बदलली नव्हती.

याच संदर्भात एक शब्द मला फार बोलका वाटतो. फ्रेंचमध्ये घोडा म्हणजे ‘शव्हाल’. मॉन्ट्रियलच्या कष्टकरी वस्त्यांत त्याचा उच्चार घासून घासून ‘जुआल’ असा होई, आणि या बोलीची टवाळी करणाऱ्यांनी बोलीलाच ते नाव ठेवले. 1960 मध्ये एका धर्मसंघीय शिक्षकाने, जाँ-पोल देबियँने, या ‘जुआल’वर घणाघात करणारे पुस्तक लिहिले आणि ते लाखावर खपले. आठच वर्षांनी, 1968 मध्ये, मिशेल त्राँब्लेने त्याच बोलीत पंधरा बायकांचे नाटक रंगमंचावर आणले, आणि लाज वाटायची ती बोली साहित्य झाली. क्वेबेकचे बुद्धिवंत यात भाषेच्या मुक्तीचा क्षण पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधी बावीस वर्षे सँतियासँतचा एक माणूस घोड्यावर बसून गात होता, आणि त्याला ऐकणारे घोड्याला ‘जुआल’च म्हणत होते. बोलीला प्रतिष्ठा देणाऱ्यांनी त्या बोलीच्या लोकांच्या करमणुकीला मात्र ती दिली नाही. 1973 चा तो चित्रपट आला तेव्हाही बुद्धिवंतांच्या सिनेमाने लामोतला घेतले ते वेस्टर्न क्लबच्या भडक जगाचा प्रतिनिधी म्हणून. त्याने ते काम इतके सहज केले की पुरस्कार त्यालाच द्यावा लागला. मला हा प्रसंग आवडतो.

नक्कल म्हणणाऱ्यांनी एक साधे काम करून पाहावे : इंग्रजी चाल घेऊन तिच्यावर फ्रेंच शब्द बसवावेत. इंग्रजी शब्दाचा आघात कधी पहिल्या अक्षरावर, कधी दुसऱ्यावर. गिटारचा ठोका त्या आघातावर पडतो आणि गाणे चालते. फ्रेंचमध्ये आघात जातो वाक्यखंडाच्या शेवटी. ‘ज शाँत आ शव्हाल’ हे नावच म्हणून पाहा : सारी ओळ उतारावरून धावत येते आणि वजन पडते ते शेवटच्या ‘व्हाल’वर, म्हणजे घोड्यावरच. शिवाय फ्रेंचमधला मुका ‘अ’ : तो गाताना उच्चारला तर एक मात्रा वाढते, गिळला तर घटते, आणि बोलीत तर ‘ज’सुद्धा पुढच्या शब्दात विरघळतो. कुठला स्वर गिळायचा, कुठला ओढायचा हे प्रत्येक ओळीला ठरवावे लागते. मॉन्ट्रियल परिसरातल्या त्या पिढीचा ‘र’ पॅरिससारखा घशातला नव्हता. तो जिभेच्या टोकावरचा, थेट आपल्या मराठी ‘र’सारखा फिरता होता, आणि तीन मिनिटांच्या तबकडीवर तो असा काही वाजतो की गिटारच्या ठेक्याला वेगळ्या टाळांची गरज पडू नये. ही कारागिरी आहे. ती थोर कविता नसेल. पण जी भाषा परक्या ठेक्यावर चालायला शिकते ती पांगळी होत नाही, तिचे पाय तयार होतात. चौथ्या आक्षेपाला माझे पहिले उत्तर हेच.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनच्या संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके उघडावीत : पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ती कोणत्या गाण्यावरून घेतली ते छापलेले असते, कधी कानडी पद, कधी ठुमरी, कधी लावणी. उसनवारी लपवायची असते असे त्या माणसांना वाटतच नव्हते. आणि ज्या पेटीवर ही पदे वाजली ती पेटी तर पॅरिसची : अलेक्झांडर दबँने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, कोलकात्यात ती हाताने भाता मारायची आणि जमिनीवर बसून वाजवायची झाली, आणि गोविंदराव टेंब्यांच्या हाती ती मराठी झाली. आकाशवाणीने मात्र 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षे तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवले. आक्षेप खोटा नव्हता. तिचे स्वर ठरलेल्या जागी बांधलेले, तिला मींड येत नाही, श्रुती पेलत नाहीत, आणि हे सांगणारे रवींद्रनाथांसारखे जाणते होते. तरीही त्या एकतीस वर्षांत कीर्तनात, भजनात, तालमीच्या खोलीत पेटी वाजत राहिली. बंदी घालणाऱ्यांनी वाद्याची मर्यादा अचूक ओळखली आणि त्या मर्यादेसह गाणाऱ्यांनी काय उभे केले ते ऐकलेच नाही. क्वेबेकमधला कंट्रीवरचा खटला मला अक्षरशः याच वळणाचा वाटतो.

उरतो राजकारणाचा आक्षेप. 1970 हे वर्ष घेऊ. मार्चमध्ये मॉन्ट्रियलच्या एका सभागृहात रात्रभर कवितावाचन झाले आणि मिशेल लालोंदने ‘गोऱ्यांची भाषा बोला’ या हेटाळणीलाच कवितेचे हत्यार केले. ऑक्टोबरमध्ये क्वेबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या जहाल गटाने अपहरणे केली, युद्धकाळचा कायदा लागू होऊन रस्त्यावर सैन्य आले. आणि त्याच वर्षी लामोतचा रँच सुरू झाला : विनोद, गिटार, हसणारे पाहुणे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की लामोत थिटा दिसतो, आणि त्या अर्थाने तो थिटाच होता. त्याच्या गाण्यांतून कोणी घटनेचा मसुदा तयार केला नसता. पण ती कविता ज्यांच्यासाठी लिहिली गेली ते लोक त्या संध्याकाळी कुठे होते? 1961 च्या जनगणनेवरून द्विभाषा आयोगाने हिशेब मांडला तेव्हा क्वेबेकमध्येच, स्वतःच्या प्रांतात, फ्रेंच वंशाच्या माणसाचे उत्पन्न चौदा वांशिक गटांत बाराव्या क्रमांकाचे निघाले. या माणसाचा मुकादम इंग्रज, यंत्रावरच्या सूचना इंग्रजी, बढतीची भाषा इंग्रजी. घरी आल्यावर दूरदर्शन संचाचे बटण फिरवले की शेजारच्या अमेरिकन वाहिन्यांवर टोप्या, घोडे आणि गिटारी होत्याच. त्याच टोप्या, तेच घोडे कोणी त्याच्या स्वतःच्या बोलीत, त्याच्या गावच्या विनोदांसह आणून दिले नसते, तर तो माणूस बटण फिरवून विन्योची कविता ऐकायला गेला असता, असे कोणाला खरोखर वाटते? पर्याय कंट्री की शान्सन असा नव्हताच. पर्याय होता फ्रेंच कंट्री की इंग्रजी कंट्री. 1977 मध्ये फ्रेंच भाषेच्या सनदेने कारखान्याची भाषा बदलायला घेतली, तेव्हा त्या कारखान्यात फ्रेंच बोलणारा, फ्रेंचमध्येच हसणारा आणि रडणारा कामगार शिल्लक होता. तो शिल्लक राहण्याला अनेक कारणे आहेत, आणि त्यांतले एक झालरीचे जाकीट घालून गात होते.

इतके म्हटल्यावर दुसऱ्या पक्षाचाही हिशेब चुकता करावा लागतो. ‘लोकांना आवडते ना, मग झाले’ हा युक्तिवाद लामोतचा बचाव करत नाही, त्याला उघडा पाडतो. लोकांना इंग्रजी कंट्रीही आवडत होते. खप हाच निकष धरला तर दोन टक्क्यांच्या भाषेत गाण्याचे कारणच उरत नाही, आणि कोटा ठेवण्याचे तर मुळीच नाही. सँ-तितचा वेस्टर्न उत्सव हे या मंडळींचे आवडते उदाहरण : 1967 मध्ये गावातल्या चामड्याच्या कारखान्याच्या बुटांची जाहिरात म्हणून रोडिओ भरवला, आणि आज जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात दर सप्टेंबरात लाखो माणसे लोटतात. उत्सव जोरात आहे, बूटही चांगले असतील. पण गर्दीवरून गाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. लामोतच्या कित्येक तबकड्या पाडीव आहेत, एकाच साच्यातून ठोकून काढलेल्या, आणि त्याचे नाव घेऊन गाणाऱ्या बऱ्याच जणांकडे साचा आहे, कारागिरी नाही. केवळ फ्रेंचमध्ये आहे म्हणून तेही डोक्यावर घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. समीक्षेने या गाण्यांकडे पाठ फिरवली याचा सर्वांत मोठा तोटा हा झाला की चांगले आणि वाईट कंट्री यांत फरक करणारी नजरच तयार झाली नाही. जे सगळेच ‘केतेन’, त्यात निवड कोण करणार?

म्हणून ऑनलाइन कायद्याची अंमलबजावणी ठरवणाऱ्यांना माझे सांगणे असे राहील की गाण्याच्या घाटाचे मूळ गाव विचारू नका. शब्द कोणी लिहिले, कंठ कोणाचा, हक्क कोणाच्या नावावर आणि ते ऐकण्याच्या यादीत वर येते की तळाशी जाते, हे चार खण पुरेसे आहेत, आणि त्यांतला तिसरा खण आजवर कोणी नीट भरलेलाच नाही. कंट्रीला बाहेर काढून शान्सनचा कोटा वाढवला, तर ॲपवरचा क्वेबेकचा ट्रकचालक शान्सनकडे वळणार नाही. तो टेक्ससकडे वळेल, आणि आता त्याला बटणही फिरवावे लागणार नाही, यंत्रच वळवील. 2023 च्या नोव्हेंबरात ज्या गायकाला क्वेबेकने राष्ट्रीय श्रद्धांजलीचा मान दिला, त्या कार्ल त्राँब्लेचा संघ 1995 मध्ये निम्म्या थट्टेतच सुरू झाला होता, आणि त्याच्या नावातच काउबॉय आहेत.

लामोतच्या आवाजात गाजलेले, जेरी जोलीने लिहिलेले एक गाणे आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘मैलामागून मैल’. रस्त्यावर असलेल्या, घरापासून लांब जाणाऱ्या माणसाचे ते गाणे पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांनी गायले, त्यांत कंट्रीच्या वाटेला कधी न गेलेलेही आहेत. मैल हे माप इंग्रजांचे, फ्रेंचांनी तर सबंध जगाला मीटर शिकवला. 1977 मध्ये कॅनडातल्या रस्त्यांवरच्या पाट्या किलोमीटरच्या झाल्या. क्वेबेकचे गायक ते गाणे अजून म्हणतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही तो मैल बदलावासा वाटलेला नाही.